आजोबांची हत्यारपेटी: काय घासावे, काय तसेच ठेवावे

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातले खाडीकाठचे एक गाव. घरात तीन पिढ्या सुतारकी. आजोबा घरांची छपरे, दारे-खिडक्या करत आणि पावसाळ्याआधी होड्यांची डागडुजीही करत. ते गेल्यावर त्यांची सागवानी हत्यारपेटी माळ्यावर गेली. दरवर्षी खंडेनवमीला ती खाली उतरायची, हत्यारांना हळदकुंकू लागायचे, झेंडूची फुले वाहिली जायची आणि पेटी परत वर जायची. असे वीस-पंचवीस वर्षे चालले.

छपर बदलायला काढले तेव्हा माळा रिकामा करावा लागला आणि पेटीचे काय करायचे हा प्रश्न पुढे आला. पुण्यात राहणारी नात यंत्रांची ड्रॉइंग करण्याचे काम करते, सुट्टीत लाकूडकामही करते. तिने पेटी मागितली. घरच्यांनी दिली, पण हत्यारे सगळ्या घराची आहेत, एकटीने काही ठरवायचे नाही, हेही सांगितले. मी या कामात सल्ल्यापुरते होते. नावगाव न देता ते इथे मांडत आहे, कारण घरोघरच्या माळ्यांवर अशा पेट्या आहेत आणि त्या उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त नुकसान होते.

पेटीत होते ते असे: एक विलायती लोखंडी रंधा, तीन लाकडी रंधे, वाकस (लाकूड तासायचे, आडव्या पात्याचे हत्यार), पाच पटाश्या (रुंद छिन्न्या), दोन किकरी (खाचा पाडायच्या अरुंद छिन्न्या), एक हातकरवत, गिरमिट (हाताने भोक पाडायचे हत्यार), दोरीचा सामता (दोरी ओढून फिरवायचे भोक पाडायचे हत्यार), गुण्या (काटकोन तपासायचा), पितळी ओळंबा (उभी रेषा तपासायचा) आणि चामड्याच्या थैलीत करवतीचे दात लावायच्या तिकोनी कानशी. कानशी इतक्या गंजल्या होत्या की चामड्याला चिकटून बसल्या होत्या. चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते, शिवाय कमावताना वापरलेली आम्ले त्यात उरलेली असतात. थैली हत्याराचे रक्षण करते असे वाटते, पण कोकणच्या हवेत तिच्यातच गंज लवकर चढतो.

अडचण

घरात तीन मते होती. चुलतभावाने नुकतेच पर्यटकांसाठी होमस्टे सुरू केले होते. त्याला हत्यारे चकाकवून, वार्निश मारून ओटीच्या भिंतीवर लावायची होती. नातीला ती वापरात आणायची होती. काका आजोबांच्या हाताखाली तयार झालेले, आता सत्तरीपार. ते म्हणत, ‘आहे तसे राहू द्या, वर्षातून एकदा पूजा होते तेवढी पुरे.’ त्यातच गावातल्या एका भंगारवाल्याने सगळी पेटी उचलण्याची तयारी दाखवली. त्याचा डोळा लोखंडी रंध्यावर होता.

तिन्ही मतांत तथ्य होते. म्हणूनच एका धोरणात सगळी पेटी बसवणे अवघड होते.

हत्यारांच्या बाजूने पाहिले तर अडचण वेगळीच होती. काही लोखंडावर काळपट, घट्ट, न झडणारा थर होता. तो जुना आणि बऱ्यापैकी स्थिर. काहींवर नारिंगी, बोटाला लागणारा, पापुद्रे सुटणारा गंज होता. खाऱ्या हवेतले क्षार त्यात मुरलेले असतात, त्यामुळे असा गंज थांबत नाही. पाऊस आला की पुन्हा जागा होतो. दोन लाकडी रंध्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोके होती आणि खाली बारीक पिवळसर भुकटी पडत होती. म्हणजे कीड अजून आत जिवंत होती. पाऊस दोन महिन्यांवर. ‘आहे तसे’ ठेवले तरी हत्यारे आहेत तशी राहणार नव्हती, हे काकांना पटवणे ही पहिली पायरी ठरली. नातीने भुकटी काळ्या कागदावर झाडून ठेवली आणि दुसऱ्या सकाळी कागदावर पडलेली नवी भुकटी त्यांना दाखवली. तिथे काकांचा विरोध मावळला.

समोरचे पर्याय

सर्वांत झटपट पर्याय तालुक्याच्या वर्कशॉपचा: ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सगळे एका दुपारी चकाचक. चर्चा चालू असतानाच चुलतभावाने दोन पटाश्या तिथे नेऊन साफ करून आणल्या. त्या आरशासारख्या चमकत होत्या. पण एकीच्या धारेपासून नखभर अंतरापर्यंत निळी झाक उतरली होती. पोलाद तापून जवळपास ३०० अंश सेल्सिअसला पोहोचले की असा निळा रंग येतो. पटाशीच्या धारेचे पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, त्याच्या खूप आधी, २००-२३० अंशांच्या आसपास बेतलेले असते. म्हणजे तेवढा भाग मऊ पडला. धार लागेल, पण पहिल्याच गाठीला वळेल. शिवाय त्या पटाशीवर ‘शेफिल्ड’ आणि ‘कास्ट स्टील’ असा छाप होता, तो अर्धा पुसला गेला. कास्ट स्टील म्हणजे मुशीत वितळवून केलेले पोलाद; ही पद्धत बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफिल्ड भागात बसवली, आणि त्या पोलादाची जुनी पाती आजही धार उत्तम धरतात. बनवणाऱ्याचे नाव त्या छापाच्या वरच्या ओळीत होते. आता तिथे फक्त शेवटची दोन अक्षरे उरली आहेत.

या प्रसंगानंतर घरात एक गोष्ट सर्वमान्य झाली: जी कृती उलटवता येत नाही ती सर्वांत शेवटी. पुढचे सगळे पर्याय याच कसोटीवर तपासले.

व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचे पाणी गंज छान सोडवते, स्वस्तही असते. पण आम्ल गंज संपल्यावर थांबत नाही, चांगल्या लोखंडालाही राखाडी, खरखरीत करते. रात्रभर बुडवून विसरलेले पाते सकाळी ओळखू येत नाही. विजेच्या साहाय्याने गंज काढणे हा दुसरा मार्ग. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हत्यार बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचे, धन टोकाला साध्या लोखंडाची सळी. चांगले लोखंड यात जवळजवळ झिजत नाही. मात्र रंग, वार्निश, काळा लेप सगळे सुटून येते. तिसरा मार्ग हाताने: टर्पेंटाइन, पितळी तारेचा ब्रश, बारीक स्टील वूल आणि धीर. चौथा, काहीच न करता फक्त तेलाचे बोट फिरवून कोरड्या जागी ठेवणे.

विकण्याचा पर्याय चर्चेतून लवकर गळला. भंगारवाल्याला हवा असलेला रंधा स्टॅनली या अमेरिकी हत्यार कंपनीचा पाच नंबर, १४ इंची होता. पात्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असल्याने तो १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचा. त्याआधी स्टॅनली शेफिल्डमध्ये रंधे बनवत नव्हती. या प्रकारच्या रंध्यांचे मूळ पेटंट लेनर्ड बेलीचे. त्याचा धंदा स्टॅनलीने १८६९ मध्ये घेतला आणि पुढे हा रंधा लाखांनी बनला. म्हणजे वस्तू चांगली, पण दुर्मीळ नव्हे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नेटाने फिरणाऱ्याला असा रंधा कधी ना कधी मिळतो. दुर्मीळ होते ते लाकडी रंधे, ज्यांना भंगारवाल्याने हातही लावला नव्हता. ते आजोबांनी स्वतः घडवलेले होते.

केलेले काम

सुरुवात साफसफाईने नव्हे, यादीने झाली. प्रत्येक हत्याराला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी, आडव्या उजेडात चारही बाजूंनी फोटो, लांबी-रुंदी आणि काकांनी सांगितलेला उपयोग. आडवा उजेड महत्त्वाचा. समोरून न दिसणारे छाप आणि ओरखडे त्यात उठून दिसतात. मग तीन गट पाडले: कामाला लावायची, जपून ठेवायची, आणि भिंतीवर लावली तरी चालतील अशी. प्रत्येक हत्यार कोणत्या गटात जाणार हे तिघांनी मिळून ठरवले. वाद झाले. वाकसावर तर दोन दिवस.

लाकडी रंध्यांतली कीड आधी मारायची होती. औषध टोचण्याऐवजी गारठ्याचा मार्ग निवडला, कारण लाकडावर त्याने डाग पडत नाही. संग्रहालयेही लाकडी वस्तूंसाठी तो वापरतात. पाती आणि पाचरी काढून रंधे जाड प्लॅस्टिकमध्ये हवा काढून बंद केले आणि दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवले. लांब रंधा घरच्या फ्रीझरमध्ये मावेना, तो ओळखीच्या आइसक्रीमवाल्याकडे गेला. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडली नाही. थंड लाकडावर हवेतले पाणी धरते, ते पिशवीच्या बाहेरच धरावे म्हणून.

त्यातल्या मधल्या रंध्याच्या तळाला, पात्याच्या तोंडापुढे (तोंड म्हणजे पाते जिथून बाहेर येते ती फट), वेगळ्या रंगाच्या लाकडाचा तुकडा बसवलेला होता. लाकडी रंधा वर्षानुवर्षे चालला की तळ झिजतो, तळ सरळ करताना तोंड रुंद होते आणि मग तो तासण्याऐवजी लाकूड उचकटू लागतो. आजोबांनी तोंडापुढे खाच घेऊन तिथे अधिक कठीण लाकडाची पट्टी बसवली होती, तीही कबुतराच्या शेपटीसारख्या सांध्याने, म्हणजे सरस सुटला तरी पट्टी निघणार नाही. नातीच्या मनात तळ काचेवर सँडपेपर ठेवून सपाट करायचा विचार होता. काकांनी रंधा हातात घेतला, अंगठा त्या पट्टीवर फिरवला आणि म्हणाले, ‘गो बाय, हा घासू नको. बाबांनी ही पट्टी बसवली तेव्हा मी शेजारी बसून होतो. खैराची आहे.’ रंधा जपून ठेवायच्या गटात गेला. त्याला कोरडा ब्रश आणि जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, एवढेच दिले. माझ्या मते सगळ्या पेटीतला हा सर्वांत चांगला निर्णय होता. झिजलेले तोंड कसे दुरुस्त करावे याचा एवढा स्वच्छ नमुना पुन्हा कुठे पाहायला मिळणार?

जवसाच्या तेलाबद्दल इथेच सांगायला हवे. ते वाळताना उष्णता सोडते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून डब्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. नातीने फडकी पाण्यात बुडवून मग दोरीवर एकेरी पसरून वाळवली.

लोखंडी रंधा कामाला लावायचा ठरला. त्याचा सांगाडा विजेच्या टाकीत टाकला नाही, कारण कारखान्याचा काळा लेप बराच शिल्लक होता आणि तो निघून आला असता. हातानेच साफ केला. अडकलेल्या स्क्रूंना गंज सोडवणारे तेल सोडून आठवडाभर वाट पाहिली, मग सोल्डरिंगचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर धरले आणि खाचेत नेमका बसेल असा पेचकस घासून घेतला. ही घाई न करण्याला कारण होते. स्टॅनलीच्या रंध्यातल्या बऱ्याच स्क्रूंचे आटे आपल्या हार्डवेअर दुकानात मिळणाऱ्या आट्यांशी जुळत नाहीत. एक स्क्रू तुटला तर तसाच दुसरा रंधा शोधावा लागतो. मागची मूठ मधोमध तडकली होती. सरस लावावा की इपॉक्सी, यावर बराच विचार झाला. सरस गरम पाण्याने पुन्हा सोडवता येतो, जुन्या कामाशी प्रामाणिकही असतो. पण पावसाळी हवेत मऊ पडतो आणि ही मूठ रोज जोर घेणार होती. भेगेतले जुने तेल ॲसिटोनने पुसून इपॉक्सी वापरली. जपून ठेवायची वस्तू असती तर निर्णय उलटा झाला असता.

पात्याची पाठ धारेपाशी बोटभर सपाट केली, सगळी नाही. धारेचा उतार २५ अंश, टोकाला ३० अंशांची बारीक कड. काकांनी कोन मोजला नाही. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाते टेकवले, तेल पात्याच्या कडेखालून कसे बाहेर येते ते पाहिले आणि हात चालवला. नातीने नंतर मोजून पाहिला, तो तीसच्या जवळ होता.

वाकसाचे पाते विजेच्या टाकीत गेले, कारण त्यावर लेप काहीच नव्हता आणि गंजाचे पापुद्रे जाड होते. बादली गॅलरीत मोकळ्या हवेत ठेवली. या क्रियेत हायड्रोजन निघतो. लिटरला चमचाभर सोडा, जुन्या पद्धतीचा बारा व्होल्टचा चार्जर. नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी नसेल तर सुरूच होत नाहीत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. सकाळी काळा लगदा ब्रशने निघाला आणि खाली पंचने ठोकलेल्या ठिपक्यांची दोन अक्षरे दिसली. ती आजोबांची नव्हेत, त्यांच्या वडिलांची. वाकस एक पिढी जुने आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

दांडा मात्र किडीने पोखरला होता. वाकस पायाजवळ चालवायचे हत्यार; कमकुवत दांड्यावर ते ठेवणे म्हणजे अपघाताला बोलावणे. गावातल्याच एका सुताराने जुना दांडा समोर ठेवून त्याच मापाचा, त्याच बाकाचा नवा केला. जुना दांडा चिठ्ठीसह पेटीत आहे.

करवतीचे काम सर्वांत जास्त वादग्रस्त ठरले. मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावर ‘वॉरंटेड सुपिरिअर’ अशी अक्षरे होती. असे बिल्ले अनेक कारखाने आपल्या दुय्यम मालाला लावत, त्यामुळे त्यावरून बनवणारा कळत नाही. तो कळला असता पात्यावरच्या आम्लाने कोरलेल्या पुसट नक्षीवरून. नक्षी आहे हे लक्षात येईपर्यंत पात्याच्या पाठीकडचा अर्धा भाग हातानेच सँडपेपरने घासून झाला होता. तिथून पुढे लाकडी ठोकळ्यावर बारीक कागद घेऊन, तेल लावून, अगदी हलक्या हाताने काम केले. उरलेल्या अर्ध्या नक्षीत गोलाकार वेलबुट्टी दिसते, नाव नाही. दात काकांनी तिकोनी कानशीने लावले. जुन्या कानशी कामातून गेल्या होत्या, नव्या आणल्या.

निळी पडलेली पटाशी लोहाराकडे देऊन पुन्हा पाणी द्यावे असाही विचार होता. पण धारेपासून थोडेच पोलाद बिघडले होते. ओल्या दगडावर, दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवत, निळा भाग संपेपर्यंत ती मागे घासली. लांबीत थोडी आखूड झाली, धार टिकते आहे.

निकाल

दीड वर्षानंतरची स्थिती अशी. लोखंडी रंधा, तीन पटाश्या, एक किकरे आणि करवत पुण्यात नियमित कामात आहेत. वाकस गावीच राहिले. छपराच्या कामात दोन वासे त्यानेच तासले गेले. लाकडी रंधे, सामता आणि ओळंबा पेटीत परतले, पण पेटी आता माळ्यावर नाही, आतल्या कोरड्या खोलीत जमिनीपासून उंच ठेवलेली आहे. लोखंडावर मेण आणि टर्पेंटाइनचा पातळ थर असतो, पावसाळ्याआधी तो नवा करायचा. चामड्याची थैली वेगळी ठेवली आहे, रिकामी. होमस्टेच्या ओटीवर गिरमिट, गुण्या आणि उरलेल्या पटाश्या लागल्या, वार्निशाशिवाय, मेण लावून. चुलतभावाला हे आधी आवडले नव्हते. वार्निशाच्या थराखाली गंज चढतो, दिसतो उशिरा आणि मग काढायचा तर सगळेच खरवडावे लागते, हे पटल्यावर तो तयार झाला.

पहिल्या पावसात वाकसावर पुन्हा नारिंगी ठिपके आले. सोड्याच्या पाण्यातून काढल्यावर ते पुरेसे धुतले गेले नव्हते आणि छिद्रांत क्षार उरले होते. पुन्हा गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन, मंद आचेजवळ कोरडे करून, गरम असतानाच मेण चोळले. त्यानंतर ठिपके आलेले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

पटाश्या वर्कशॉपमध्ये गेल्या त्या दिवशी ‘कुणी काही नेऊ नये’ एवढे ठरलेले असते तर शेफिल्डच्या पटाशीवरचे बनवणाऱ्याचे नाव शाबूत राहिले असते. घरातली चर्चा संपेपर्यंत पेटी एकाच्या ताब्यात आणि कुलपात असणे आवश्यक होते.

करवतीच्या बाबतीत कोणताही कागद लावण्याआधी पाते खिडकीपाशी तिरके धरून पाहायला हवे होते. नक्षी बहुधा पात्याच्या मधोमध, मुठीच्या बाजूला असते. तेवढी जागा शेवटपर्यंत सोडून बाकीचे घासता येते.

हळदकुंकवाचा प्रश्न नातीला आजही बोचतो. पटाश्यांच्या मुठींवर आणि वाकसाच्या मानेवर वर्षानुवर्षांचे थर होते. लोखंडावरचे काढणे भाग होते, त्याखाली ओल धरली होती. पण लाकडी मुठींवरचे काढायची काही गरज नव्हती. ते पहिल्याच पुसणीत गेले. फोटोत तेवढे उरले आहे.

आणि काकांचे बोलणे. यादी करताना प्रत्येक हत्याराचा उपयोग एका ओळीत लिहून घेतला, तो कामापुरता होता. सामता दोरी ओढून चालवताना टोकाला किती दाब द्यायचा, होडीच्या फळीला वाकस कोणत्या बाजूने घालायचे, हे त्यांनी नंतर, काम चालू असताना, मधेच सांगितले, हात तेलात असताना, कागदपेन दूर असताना. आता नात गावी जाते तेव्हा फोन ओट्यावर उभा करून ठेवते आणि काकांना एकेक हत्यार हातात देते. सामत्याचे झाले आहे. गिरमिट आणि मधल्या रंध्याची पाचर बसवण्याची रीत अजून बाकी आहे.